भाजलेला राब आणि पोरींचा फुटबॉल : भोर-वेल्ह्यातले पंधरा दिवस

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी धाडसाची अपेक्षा ठेवायला नको. पाल दिसली की मी खुर्चीवर, लिफ्ट मध्येच थांबली की देवाचा धावा, आणि एसटी घाटात शिरली की डोळे गच्च मिटलेले. अशा बाईला वेल्ह्याच्या डोंगरात पंधरा दिवस राहायला पाठवायची कल्पना ज्यांना सुचली, त्यांना मी अजून मनातल्या मनात हात जोडते.

झालं असं की २००७ च्या मार्चमध्ये एका छोट्या संस्थेकडून फोन आला. मी पुण्यात जर्मन शिकवते. जर्मनीहून क्लारा नावाची एक मुलगी वर्षभर स्वयंसेवक म्हणून आली होती. वय बावीस, तिकडे गावच्या संघात फुटबॉल खेळणारी. तिला भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या मुलींना फुटबॉल शिकवायचा होता. मराठी तिला ‘नमस्कार’ आणि ‘पुरे’ एवढंच यायचं, इंग्रजी कळणारं तिकडे वाडीवर कुणी नव्हतं. दुभाषी हवी होती, शक्यतो बाई.

“तू? फुटबॉल?” नवरा इतका हसला की त्याच्या नाकातून चहा आला. “तुला पोपटाची भीती वाटते.”

पोपट चावतो हो. पण त्या हसण्यानेच माझं जायचं ठरलं. हरभऱ्याच्या झाडावर चढवून कुणी नेलं असतं तर मी गेले नसते. चिडवल्यामुळे गेले.

क्लारा आणि मी स्वारगेटहून निघालो. आधी भोर. सातारा रस्त्याने कापूरहोळला उतरायचं, तिथून भोरचा फाटा. तिकडे जाणार असाल तर कापूरहोळला वडापाव खाऊन घ्या, मिरची मागून घ्या आणि पाणी घरचंच प्या. तिथेच आम्हाला पंक्चरच्या दुकानातले इब्राहिमभाई भेटले. त्यांची मुलगी शबाना भोरच्या मुलींमध्ये खेळणार होती. क्लाराचे दोन्ही बॉल प्रवासात मऊ पडले होते, ते त्यांनी हवा भरून टणक करून दिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, खेळू द्या पोरीला, माझी ना न्हाई. पन गुडघा फुटला तर तिची आई मला हितंच दुकानात झोपायला लावंल, येवडं ध्यानात असू द्या.”

मी हसले. तोवर मला साप, बिबट्या आणि एसटीचे ब्रेक यांचीच काळजी होती. दुसऱ्याच्या मुलीला काही झालं तर उत्तर कोण देणार, हा प्रश्न कापूरहोळच्या त्या टायरच्या ढिगाशेजारी पहिल्यांदा समोर आला.

भोरमधले पहिले दिवस सोपे गेले. शाळेचं सपाट मैदान, वकिलांच्या, कारकुनांच्या, दुकानदारांच्या मुली, बहुतेकींच्या पायात बूट. शबाना तर अशी लाथ मारायची की बॉल थेट रस्त्यावर. दुसऱ्या रविवारी भोरच्या मुली विरुद्ध वेल्ह्याच्या वाडीवरच्या मुली असा सामना भोरला घ्यायचं ठरलं, आणि आम्ही डोंगराकडे निघालो.

परत हायवेला यायचं, नसरापूरच्या फाट्याने वेल्ह्याला, आणि तिथून पासलीकडे जाणारी वडापची जीप. भाडं जास्त नाही, पण जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ‘भरली’ याचा अर्थ मागच्या फळकुटावर उभ्या माणसांचे सदरे फडफडायला लागले पाहिजेत. उजवीकडे दरी. मी डोळे मिटले. शेजारच्या आजींनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, “पैलटकरीन हायस का गं?” डोळे मिटून घाम पुसणारी बाई गरोदरच असणार, असा त्यांचा हिशोब. मी नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटलं.

पासलीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथे आमचा मुक्काम हौसाबाईंकडे. नवरा पुण्यात मार्केट यार्डात हमाली करायचा, सणावाराला यायचा. घरात त्या, त्यांची तेरा वर्षांची सविता, आणि पलीकडच्या खोपीत थोरले दीर, तात्या. शेत एकत्र, आणि शब्द तात्यांचा. जेवण म्हणाल तर तांदळाची भाकरी, हुलग्याचं माडगं, लसणाची चटणी. आग्रह असा की नको म्हणायलाही तोंड रिकामं नसायचं.

वाडीवर सपाट जागा शोधणं हेच मोठं काम होतं. डोंगरउतारावर सगळी भातखाचरं, पायऱ्या-पायऱ्यांची. त्यातलं एक लांबरुंद खाचर तात्यांचं. भात कापून झालेलं, आता पावसाळ्यापर्यंत रिकामं. पहिल्या संध्याकाळी आम्ही ते मागायला गेलो. तात्या आधी सावकाश तंबाखू मळत राहिले.

“खेळा,” ते म्हणाले. “पन येक सांगून ठिवतो. सविताला काय लागलं-बिगलं, तर त्याच दिशी खेळ बंद. तिचा बाप हितं न्हाई. उद्या दोन वर्सांनी पाव्हणं बगाय यायचं, तवा जबाब मला द्यायचा हाय.”

मी हे क्लाराला जर्मनमध्ये सांगितलं. पाहुणे म्हणजे कोण, कशाला येणार आणि दोन वर्षांनीच का, हे समजावताना मला माझ्याच भाषेची लाज वाटली. क्लाराने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तिला काही होणार नाही.” असं ती ठामपणे म्हणाली, आणि मला धडकीच भरली. आपल्याकडे असं बोलून दाखवत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की पोरी यायच्या, अनवाणी, ओढण्या कमरेला गुंडाळून. त्यांचं धावणं बघाल तर थक्क व्हाल, बांधावरून हरिणासारख्या उड्या. पण खेळात एक भलतीच अडचण. दोघी एकाच वेळी बॉलपाशी पोचल्या की दोघीही थांबायच्या.

“घे तू.”

“न्हाई, तूच घे.”

“तू आदी आलीस की गं.”

आणि बॉल घरंगळत खालच्या खाचरात. क्लारा डोक्याला हात लावायची. खांद्याने खांद्याला रेटा द्यायचा असतो, त्याला फाऊल म्हणत नाहीत, हे तिने शंभरदा दाखवलं. मी शंभरदा भाषांतर केलं. पोरी लाजून हसायच्या. अरुंद बांधावरून डोक्यावर हंडा घेऊन येणाऱ्या बाईला वाट द्यायची, अंगाला अंग लागू द्यायचं नाही, हे त्यांना चालायला लागल्यापासून शिकवलेलं. सविता सगळ्यांत चपळ, बॉल तिच्या पायाला चिकटून राहायचा, पण समोर कुणी आलं की तीसुद्धा बाजूला सरायची. क्लाराने तिला एकदा स्वतःच्या खांद्यावर आदळायला सांगितलं, तर सविता म्हणाली, “पाव्हण्यास्नी कुणी धक्का देतं व्हय?”

हौसाबाई रोज बांधावर यायच्या, जेमतेम दोन मिनिटं उभ्या राहायच्या आणि निघून जायच्या. एकदा मी म्हटलं, “बसा की.” त्या म्हणाल्या, “न्हाई बा. पोरगी पळाया लागली की माज्या काळजाचं पानी हुतं. न बगितल्यालंच बरं.” मला अगदी पटलं. मीही बराचसा खेळ बोटांच्या फटीतूनच बघत होते.

त्या दिवसांत डोंगरावर जिकडेतिकडे धूर दिसायचा. मी पहिल्यांदा वणवा म्हणून ओरडले, तेव्हा हौसाबाईंना हसू आवरेना. तो राब भाजायचा धूर होता. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं, तिथे शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या थरावर थर अंथरतात, वर बारीक माती पसरतात आणि पेटवतात. भडका होऊ द्यायचा नाही, आतल्या आत धुमसत ठेवायचं. जमीन भाजून निघते, तण मरतं, आणि मग पाऊस पडला की त्या राखेत भात पेरायचं. सगळी वाडी थंडीपासून या कामाला जुंपलेली असते.

शुक्रवारी सकाळी तात्यांनी त्यांचा राब भाजला. आमच्या मैदानाला लागूनच, एका हाताएवढ्या बांधापलीकडे. दुपारपर्यंत धूर विरला. संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा तिथे करड्या मातीचा एक शांत, सपाट, झाडून ठेवल्यासारखा तुकडा होता. खरं सांगायचं तर आमच्या मैदानापेक्षा तोच जास्त सपाट दिसत होता. वाडीवरचं रांगतं पोरही त्यात पाय घालत नाही. त्यामुळे आत निखारे आहेत हे कुणी कुणाला सांगायचा प्रश्नच येत नव्हता. पाण्यात पाय ओला होतो, हे आपण पाहुण्याला सांगतो का? आम्हालाही कुणी सांगितलं नाही. मला वाटलं, सकाळीच विझला.

क्लारा गोलपाशी उभी होती. कुणीतरी जोरात मारलेला बॉल बांधावरून उडून त्या करड्या तुकड्याच्या मधोमध जाऊन पडला. क्लारा हसत त्याच्यामागे पळाली. उन्हाळा म्हणून तिनेही त्या दिवशी बूट काढून ठेवले होते, पोरींसारखी अनवाणी.

“न्हाई! न्हाई! राब हाय!” पोरी किंचाळल्या. क्लाराला ‘न्हाई’ कळेना. तिला वाटलं, खेळातलाच आरडाओरडा. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. इतकी वर्षं जिच्यावर पोट भरलं ती भाषा त्या क्षणी मला सोडून गेली. मी फक्त हात पसरले.

सविता खाचराच्या दुसऱ्या टोकाहून आली. मी तिला इतकं वेगात धावताना पाहिलं नव्हतं. क्लाराने बांधावर पाय ठेवला, पुढचा उचलला, आणि सविता खांद्याला खांदा लावून तिच्यावर आदळली. थांबली नाही, सरली नाही. क्लारा आडवी होऊन अलीकडच्या धसकटांत पडली. पण धडक देणाऱ्याला स्वतःला आवरता येत नाही. सविताचा उजवा पाय बांधापलीकडे राखेत घोट्यापर्यंत गेला.

ती किंकाळी मला अजून झोपेतून उठवते. राबातला बॉल फुटल्याचा आवाजही त्याच वेळी झाला, आणि मला क्षणभर वाटलं की तिचंच काहीतरी फुटलं.

तात्या कुठून आले कळलं नाही. त्यांनी तिला उचलून घरापुढे आणलं. कुणी म्हणालं शाई लावा, कुणी कोरफड आणली, कुणी बटाटा किसायला घेतला. क्लारा एवढंच ओरडत होती, “पाणी, फक्त पाणी!” आता मला आवाज फुटला, मी तिचं बोलणं पोचवत राहिले. विहीर उताराखाली, मार्चमध्ये पाणी तळाला गेलेलं. हौसाबाईंनी दिवसभराचे भरलेले हंडे एकामागून एक पोरीच्या पायावर रिते केले. शेजारणींनी आपले आणले. त्या संध्याकाळी वाडीवर कुणाकडे प्यायला घोटभर पाणी उरलं नसेल.

जीप मिळाली. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी पाय बघितला, स्वच्छ फडक्यात बांधला आणि भोरला न्या म्हणाले. हौसाबाईंच्या मांडीवर सविताचं डोकं, माझ्या मांडीवर तिचा पाय. दरी त्या वेळी कुठल्या बाजूला होती, मला आठवत नाही. जीप जरा उसळली की सविता दात-ओठ खायची, आणि मी सगळ्या देवांना आळीपाळीने काहीबाही कबूल करत होते. पाय वाचेल ना? हा एकच प्रश्न होता आणि तो विचारायचं धाडस गाडीत कुणालाच नव्हतं. तात्या पुढे बसले होते, एकदाही मागे वळले नाहीत.

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाय पाहिला. आम्ही चौघं दाराशी. शेवटी त्या म्हणाल्या, “पाय वाचला. पाणी ओतलंत ते बरं केलंत. चालेल, पळेल. पण घोट्याखाली डाग राहील, तो जायचा नाही.”

मी सुटकेने भिंतीला टेकले. हौसाबाई मात्र मटकन खाली बसल्या.

“डाग,” तात्या म्हणाले. बाहेरच्या बाकावर ते माझ्याशीच बोलत होते, क्लाराकडे बघत नव्हते. “भाजल्याचा डाग. कसं भाजलं इचारत्याल. खेळताना म्हनायचं, का चुलीवर म्हनायचं? दोन्ही वंगाळच. आता तुमीच सांगा ताई, काय सांगू?”

भाषांतर करून क्लाराला विचारावं, तर ती भिंतीकडे तोंड करून रडत होती.

उत्तर आतून आलं, खाटेवरून. “तात्या, आसं सांगा, पाव्हणीचं दोन्ही पाय जळायचं हुतं, आमच्या पोरीनं वाचिवलं.” मग सविताने मला हाक मारली. “ताई, कलाराला इचारा की. त्यो फाऊल धरला आसता का?”

मी विचारलं. क्लारा आत गेली, तिच्या खाटेशी गुडघ्यावर बसली आणि डोळे पुसत म्हणाली, “नाही. खांद्याला खांदा. एकदम स्वच्छ.” सविता हसली, आणि हसताना पाय हलला म्हणून कळवळली. तात्या उठून बाहेर गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, “बास. खेळ बंद.” त्यांच्या डोळ्यांतलं पाणी रडण्याचं होतं की तंबाखूच्या ठसक्याचं, ते मी निरखून पाहिलं नाही. ते दुष्ट नव्हते. तेही माझ्यासारखेच घाबरलेले होते, फक्त त्यांच्या भीतीला घरात मान होता.

रविवारचा सामना झाला नाही. भोरच्या मुली मैदानाऐवजी दवाखान्यात आल्या, शबानाने सवितासाठी आपले जुने बूट आणले, एक नंबर मोठे. हौसाबाईंनी ते पिशवीच्या तळाशी घातले, वर लुगडं. उरलेला बॉल तात्यांनी आम्हाला परत न्यायला सांगितला होता. निघताना क्लाराने तो माझ्यादेखत हौसाबाईंपुढे धरला. त्या घेतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि पदराखाली घेतला.

पुण्याला घरी पोचले तेव्हा नवऱ्याने विचारलं, “मग, बिबट्या दिसला का?” मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले. तो बिचारा पुढे आठवडाभर पोपटाचं नाव काढत नव्हता.

वाचणाऱ्यांनी जावं का तिकडे? जरूर जा. पावसाआधी गेलात तर रस्ते बरे असतात, जीप वेल्ह्यात सकाळी लवकर पकडा, सोबत पाणी ठेवा. आणि करड्या मातीचा सपाट तुकडा दिसला तर पाय ठेवण्याआधी विचारा. शिकवायला जाणार असाल तर आणखी एक. आपण परत येतो. तिथल्या पोरी तिथेच राहतात आणि आपण मागे ठेवून आलेल्या गोष्टीची किंमत त्या भरतात. हा विचार मला महिनोन् महिने छळत होता. पाऊस झाला, गणपती झाले, क्लारा मायदेशी गेली. दर पत्रात ती एकच विचारायची, सविता चालते का. मी वाडीच्या शाळेत निरोप ठेवून विचारून घ्यायचे आणि तिला कळवायचे, चालते. खेळते का, हे विचारायची माझी छाती नव्हती.

दिवाळीनंतर, भात कापणी उरकल्यावर, एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आधी नुसता वारा, मग कुणीतरी खोकललं.

“ताई, म्या हौसा बोलतीया. शेजारच्या पोराचा मोबाईल हाय. आयकू येतंय का?”

“सविता बरी आहे ना?” मी एकदम विचारलं. भित्र्या माणसाला फोन म्हणजे आधी वाईट बातमीच.

“बरी हाय. खाचरात हाय. खेळतीया.”

“आणि तात्या?”

“तात्या बोलत न्हाईत माज्यासंगं. संक्रांतीपातूर बोलत्याल, न्हाई बोललं तर न्हाई.” मागून पोरींचा कल्ला येत होता, कुणीतरी सविताच्या नावाने ओरडत होतं. “ताई, म्या बांधावर बसलीया. लई भ्या वाटतंय बगा. पन आज उठून गेली न्हाई.”

मग त्यांनी मोबाईल खाचराकडे केला. फोन त्यांनी तसाच धरून ठेवला, आणि पैसे संपेपर्यंत आम्ही दोघी घाबरट बायका तो खेळ ऐकत राहिलो.